हिरव्या चुड्याखालचं मनगट

चंद्रिकाक्का रोज दुकान बंद करताना काउंटरची काच पुसते. काच तशी स्वच्छच असते. पण तिच्या धाकट्या जावेला, सृष्टीला, गिऱ्हाइकाशी बोलताना काचेवर कोपरं टेकायची सवय आहे. संध्याकाळपर्यंत तिथे दोन गोल डाग उठतात. अक्का ते घासून घासून काढते. सृष्टीला एका शब्दाने बोलत नाही.

मी एकदा म्हटलं, "अक्का, उद्या परत उठणारच की ते."

"उठू दे. टेकवायसारखी कोपरं हायत तिची. टेकवणारच."

माणूस दुसऱ्याच्या कोपरांवरही जळू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मधल्या मारुतीच्या मागच्या गल्लीत त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. पुढे दुकान, पडद्यामागे मालाची खोली, वर घर. सोलापुरात त्यांना कासार म्हणतात, अक्काच्या माहेरी दुधनीला कानडीत बळेगार म्हणतात. मी समोरच्या माडीवर राहते. अक्का माझ्या आईच्या वयाची आहे, तरी माझी मैत्रीण आहे. तिला मी तू म्हणते. ती मला नंदे म्हणते. राजनंदिनी एवढं लांब नाव घ्यायला तिला वेळ नसतो.

लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी धड येत नव्हतं. सासूने तिला पहिलं वर्ष गिऱ्हाइकाच्या हाताला हात लावू दिला नाही. रोज दुपारी सासू स्वतःचा हात पुढे करायची. बांगडी चढव, उतरव, पुन्हा चढव. अंगठ्याच्या मुळाशी हाड असतं, बांगडी तिथे अडते. तिथे जोर लावला की काच गेली. जोर लावायचा नाही. बाईला बोलतं करायचं. माहेर कुठलं, असं विचारायचं. बाई माहेराचं नाव घेते तेव्हा तिचा हात सैल पडतो. तेवढ्यात बांगडी सरकते.

बांगडी फुटली असं या दुकानात कुणी म्हणत नाही. वाढली म्हणतात. अक्काच्या हातून बांगडी वाढत नाही, अशी तिची ख्याती होती. लग्नाचा चुडा भरायचा असला की बायका तिचं नाव घेऊन यायच्या.

सासू गेली त्या वर्षी अक्काच्या कानामागे एक चट्टा उठला. मग केसांत. मग दोन्ही कोपरांवर. लालसर कातडी आणि वर चांदीसारखी खवलं. कुणी नायट्याचं मलम दिलं, कुणी कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ सांगितली. शेवटी कातडीच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं. सोरायसिस. येतो, जातो, पुन्हा येतो. स्पर्शाने लागत नाही. हे शेवटचं वाक्य अक्काने पाठ केलं. पुढे ते तिला फार वेळा म्हणावं लागलं.

चट्टे हाताच्या पाठीवर आले तेव्हा एका बाईने हात मागे घेतला.

"ते काय हाय हो हातावर? नायटा?"

"न्हाय. सोरायसिस. लागत न्हाय."

"तसं न्हाय म्हणत मी. पण त्या धाकट्या वैनीला बोलवा की."

सृष्टी तेव्हा घरात नवीन होती. तिने येऊन बांगड्या भरल्या. त्यातली एक वाढली. बाई काही बोलली नाही. अक्काचा नवरा, विरेशअण्णा, गल्ल्यावर बसून सगळं ऐकत होता. पुढच्या सोमवारी तो म्हणाला, "तू काही दिवस आतलं बघ."

ते काही दिवस अजून संपले नव्हते. अक्का पडद्यामागे बसून फिरोजाबादहून आलेल्या पेट्या उघडायची, तडे गेलेल्या बांगड्या बाजूला काढायची, मापाप्रमाणे दोऱ्यात ओवायची. पुढच्या गादीवर सृष्टी. अक्काला सगळं ऐकू यायचं. सृष्टीचं हसणं. गिऱ्हाइकांचं हसणं. अर्ध्या बाह्यांच्या ब्लाउजचं कौतुक.

मधूनच कट् असा आवाज यायचा.

मग अक्का मान वर करायची. हातातला दोरा थांबायचा. ती हलकेच खोकायची आणि पुन्हा ओवायला लागायची. त्यानंतर बराच वेळ तिचा चेहरा बरा असायचा.

केराबाईंचा फोन आला तो उन्हाळ्यापूर्वी. त्या उजनीच्या काठावरच्या एका गावच्या. घरी केळीची बाग. माहेर सोलापूरचं, म्हणून चुडा सोलापूरचाच. त्यांच्या घरातल्या प्रत्येक नवरीचा चुडा या दुकानात भरला गेला, तोही थोरल्या सुनेच्या हातून. आधी सासूच्या, मग अक्काच्या. आता नातीचं लग्न वैशाखात ठरलं होतं.

"चंद्रिकाच भरंल न्हवं?" त्यांनी विचारलं.

अण्णाने फोन ठेवला आणि पडदा बाजूला करून अक्काकडे बघितलं. तोंडाकडे नाही. हातांकडे.

"तोवर हात बरे दिसले तर तू बस," तो म्हणाला. "न्हाय तर सृष्टी."

तो गेल्यावर अक्का मला म्हणाली, "नंदे, त्या पोरीनं केराबाईच्या घरचा चुडा भरला की मी संपले. मग ह्या पडद्याला खिळे ठोका."

त्यानंतर तिने मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. एक बाई लाल दिव्यासमोर बसते आणि तिचे चट्टे निवळतात. अक्काने मला तो व्हिडिओ दाखवला. मी म्हटलं, आधी डॉक्टरांना विचारू. आम्ही दोघी गेलो. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, याचा पुरावा अजून थोडा आहे, काहींना बरं वाटतं, काहींना काही होत नाही. मुळातून जाईल अशी आशा धरू नका. करून बघा, पण मलम सोडायचं नाही आणि डोळ्यांवर चष्मा लावायचा. कातडीला घर्षण होऊ देऊ नका, असंही म्हणाले. अक्काने त्याच दिवसापासून नायलॉनचे ब्लाउज बंद केले.

दिवा मी मागवला. पाटीएवढा चौकोन. त्यात बारीक दिव्यांच्या ओळी. सोबत एक इंग्रजी पुस्तिका.

"एवढ्या कादंबऱ्या वाचून बी.ए. झालीस," अक्का म्हणाली. "जरा हे वाच. हे तरी उपेगी पडंल."

मी वाचून दाखवलं. किती अंतरावर बसायचं. किती वेळ. अंगावरचा भाग उघडा हवा, मध्ये कापड नको. अक्काने बाह्या खांद्यापर्यंत दुमडल्या, काळा चष्मा लावला आणि दुपारच्या सामसुमीत पेट्यांच्या मधोमध दिव्यासमोर हात पसरून बसली. पडद्याच्या फटीतून लाल उजेड दुकानात आला.

सृष्टीचा नवरा प्रभु बाहेरून ओरडला, "वैनी, कोंबडीची अंडी आणलाव काय? उबवायला ठेवलाव?"

"व्हय," अक्का आतून म्हणाली. "तुझ्यासारखं एक निघालं की दिवा बंद करते."

ती रोज बसली. एक दुपार चुकवली नाही. मलम लावायची, चष्मा लावायची, बसायची. मी समोर बसून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. काही आठवड्यांनी कोपरांवरची खवलं पातळ झाली. दंडांवरचा लाल रंग फिका पडला. दिव्याने झालं की नेमाने लावलेल्या मलमाने, मला सांगता येणार नाही. दोन्हींनी झालं असेल. अक्का आरशासमोर कोपर वाकडं करून बघायची. मग पडद्याच्या फटीतून सृष्टीचं कोपर बघायची. पुन्हा आपलं.

"तेवढं गुळगुळीत न्हाय झालं," ती म्हणायची.

"अक्का, ती पंचवीसची आहे."

"मी पण होते की पंचवीसची. तवा कुणी बघितलं? अंगभर पदर होता."

पण मनगटं तशीच होती. अक्काच्या दोन्ही हातांत गच्च हिरवा चुडा असतो. कासाराच्या घरातली सवाष्ण. तिच्या हातात दोन-चार बांगड्या शोभत नाहीत. मलम लावताना ती चुडा वर सरकवायची, बोटाने चाचपून लावायची, पुन्हा खाली ओढायची. चुड्याखाली काय चाललंय ते तिला नीट दिसत नव्हतं. दुसऱ्या कुणालाही दिसत नव्हतं. ते तिला बरंच वाटत असावं.

अण्णा माल आणायला फिरोजाबादला निघाला त्या दिवशी हे झालं. त्याची गाडी दुपारी सुटली होती. अक्का दिव्यासमोर होती. सृष्टी एक पेटी न्यायला आत आली आणि थबकली.

"अक्का, तुमचा चुडा काळा दिसायलाय."

मी बघितलं. खरंच होतं. लाल उजेडात हिरव्या बांगड्या कोळशासारख्या काळ्या दिसत होत्या. इतके दिवस मी समोर बसत होते. माझी नजर वर्तमानपत्रात.

अक्काने चष्मा काढला. "काय म्हणालीस?"

"काळा. उजेड खाली जातच न्हाय बघा. म्हणून मनगट तसंच राहिलंय. उतरवून बसा की. हात मोकळा असला की—"

अक्का उभी राहिली होती.

"हात मोकळा? माझा?"

"बसण्यापुरता म्हणते मी."

"नवरा गाडीत बसून तास झाला न्हाय, आणि तू मला हात मोकळे करायला सांगतीस? काळा चुडा दिसला तुला? लई दिसतं ग तुला! गादी घेतलीस, आता कुंकू पण बघवंना काय?"

"अय्यो अक्का, मी उजेडाचं सांगायले!"

"उजेड कळतोय मला. तुझ्या मनातला अंधार पण कळतोय."

प्रभु धावत आत आला. "वैनी, येडी हाय ती. मनावर घेऊ नका."

"मला येडी म्हणू नका," सृष्टी त्याच्यावर उलटली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पेटी तिथेच टाकून ती बाहेर गेली.

अण्णा पोचल्याचा फोन येईपर्यंत अक्का जेवली नाही.

मी दुसऱ्या दिवशी एकटीने करून बघितलं. दिवा लावला. एक हिरवी बांगडी पांढऱ्या कागदाजवळ धरली. कागदावर काळं वळं पडलं. मग लाल बांगडी धरली. कागद जवळजवळ तसाच लाल राहिला. सृष्टी बरोबर होती. कापड नको, असं मी स्वतः वाचून दाखवलं होतं. बांगडीचा विचार आम्हा दोघींच्याही मनात आला नव्हता. या गल्लीत बांगडी ही अंगावर घालायची वस्तू नाही. ती हातच आहे.

मी अक्कासमोर तेच पुन्हा करून दाखवलं.

तिने त्या काळ्या वळ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मिळालीस का तिला?"

"अक्का, तू डोळ्यांनी बघतेस ना?"

"बघते. आंधळी न्हाय मी."

"मग बसण्यापुरत्या लाल भर. हात मोकळा राहणार नाही."

"हिरवा उतरवल्याबिगर लाल कसा भरू? आणि आता उतरवला तर तिचं खरं झालं की ग."

रोग तिचा होता, हात तिचे होते, चुडा भरायची हौस तिची होती. आणि ती म्हणत होती की बरं व्हायचं नाही, कारण बरं व्हायचा रस्ता जावेने दाखवला.

त्या महिन्यात तिने डॉक्टरांकडे जायचं पुढे ढकललं. दिव्यासमोर मात्र बसली. चुड्यासकट. सृष्टी आत येणार असेल तर बाहेरून आवाज द्यायची, "येऊ का?" अक्का उत्तर द्यायची नाही. मग प्रभु येऊन पेटी न्यायचा. दुकानात त्या दिवसांत फार बांगड्या वाढल्या. कट् आवाज यायचा. आत अक्का खोकायची.

वैशाखात केराबाई आल्या. सोबत नवरी आणि नवरीची आत्या. जीपने सकाळीच निघाल्या होत्या. अण्णाने अक्काचे हात बघितले. कोपरं बरी होती, हाताच्या पाठीवर नुसते डाग होते. लांब बाह्या, वर चुडा.

"बस," तो म्हणाला.

अक्का गादीवर बसली. सृष्टी न सांगता पडद्यामागे गेली. मी बांगड्यांचं तबक धरून शेजारी होते. अक्काच्या तोंडाकडे बघून मला वाटलं, ही बाई एवढी देखणी होती आणि मला माहीतच नव्हतं.

तिने नवरीचा हात हातात घेतला. बोटांच्या गाठी चाचपल्या.

"माहेर कुठलं, बाई?"

"अजून सोडलं पण न्हाय हो मी माहेर," नवरी म्हणाली. सगळ्या हसल्या. तेवढ्यात पहिली बांगडी गेली. दुसरी गेली. तिसरी. काच हाडावरून जाताना आवाजसुद्धा झाला नाही. केराबाईंनी समाधानाने पानाचा डबा उघडला.

चौथ्या बांगडीला अक्काने हात उंच केला. तिचा स्वतःचा चुडा कोपराकडे घसरला. बाहीही वर गेली.

खाली पट्टा होता. लालभडक, तडकलेला, वर जाड खवलं. एक खवलं सुटून नवरीच्या तळहातावर पडलं.

"थांबा," आत्या म्हणाली. "हे काय हाय?"

"सोरायसिस. लागत न्हाय."

"लागत नसंल. पण नवरीचा हात हाय. परवा हळद हाय. विरेशअण्णा, दुसरं कुणी न्हाय का?"

केराबाई पानाला चुना लावत राहिल्या. अण्णाने खाली बघत हाक मारली, "सृष्टी, बाहेर ये."

अक्का कुणी म्हणायच्या आत उठली. बाही खाली ओढली. भिंतीला टेकून उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

सृष्टी आली. बसली. नवरीचा हात घेतला. तबकातली बांगडी उचलली. मग बांगडी परत ठेवली.

"भरते मी," ती म्हणाली. "पण आधीच सांगते. माझ्या हातून वाढतात. काल दोन वाढल्या. विचारा ह्यांना."

प्रभु दारात होता. "मला कशाला मधी घेतीस?"

"नवरीच्या चुड्यातली वाढली तर मला बोल लावायचा न्हाय. ह्या घरात न वाढवता भरणारा हात एकच हाय. तो भिंतीला टेकून उभा हाय."

"शुभ बोल की ग बाई!" आत्याने कानाला हात लावला.

अण्णाचं तोंड उतरलं होतं. धाकटी सून भर दुकानात आपल्याच दुकानाची बदनामी करत होती.

केराबाईंनी पान तोंडात टाकलं, चावलं, विचार केला. त्या हळव्या झाल्या नाहीत. हिशेबी बाई.

"खवलं पडली तर झटकता येतील," त्या आत्याला म्हणाल्या. "बांगडी वाढली तर लग्नघरात तोंड कुणाकुणाचं धरायचं? चंद्रिका, बस. मनगटाला धडुतं गुंडाळ आणि बस."

अक्का बसली. मी दोन स्वच्छ रुमाल दिले, तिने ते मनगटांना बांधून घेतले. दोन्ही हातांचा चुडा पुरा भरला. एकही वाढली नाही. आत्याने शेवटी नवरीचा हात फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाली, "हात मातर हाय हो तुमचा." केराबाईंनी अक्काची ओटी भरली. जीप गेली.

मला वाटलं, संपलं. आता दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतील. मी तशाच गोष्टी वाचत आले होते.

अक्का आत आली आणि पेटीवर धपकन बसली.

"बघितलंस?" ती म्हणाली. "बघितलंस तिचं?"

"बघितलं. अक्का, केवढं केलं तिने तुझ्यासाठी."

"तेच की! तिनं केलं! चुडा मी भरला, आणि गल्लीत नाव कुणाचं होणार? धाकटीचं मन बघा किती मोठं. कातडी तिची चांगली, कोपरं तिची चांगली, आता मन पण तिचंच चांगलं. मला काय ठेवलं ग?"

तिने रुमाल सोडले. मनगटं भाजल्यासारखी दिसत होती.

मी सृष्टीला शोधत वर गेले. ती गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. मी तिला म्हटलं, तुझं मन मोठं आहे. ती एवढ्या जोरात हसली की खालून प्रभुने वर बघितलं.

"मन-बिन काय न्हाय, नंदाताई. भ्या वाटलं मला. नवरीच्या हातात वाढली असती तर मरेपर्यंत ऐकून घ्यावं लागलं असतं." तिने चादर झटकली. "तुमाला काय वाटतं, मला वाढवायची हौस हाय? त्या पडद्यामागं बसून ऐकतात. मला माहितंय. एक वाढली की खोकतात. माझं लक्ष गिऱ्हाइकाच्या हातावर कमी आणि पडद्यावर जास्त. मग वाढतेच."

तिने चादरीची घडी घातली.

"आणि गिऱ्हाइकं? बांगडी भरून घेतात माझ्याकडून आणि म्हणतात, थोरल्या वैनींचा हात काय होता! मेलं रोज तेच. एवढं चांदीचं खवलं अंगभर आलं तरी चाललं असतं, पण तो हात मला पायजे होता. जळते मी त्यांच्यावर. आता काय लपवू?"

हे अक्काला सांगावं की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. मग सांगितलं. दुपारी, दिवा लावायच्या आधी.

"माझ्यावर?" अक्का म्हणाली.

"तुझ्या हातावर."

तिने दोन्ही हात पुढे धरून बघितले. उलटे, सुलटे.

"ह्या असल्या?"

"ह्याच."

"काय म्हणाली? नीट सांग. तिच्या शब्दात सांग."

मी सांगितलं.

"खवल्याचं परत सांग."

मी खवल्यांचं परत सांगितलं. अक्काच्या तोंडावर मी पूर्वी कधी न बघितलेली एक तकाकी आली. कुणाच्या प्रेमाने ती आली असती असं मला वाटत नाही. इतकी वर्षं ती एकटीच जळत होती. आता सोबत मिळाली होती.

तिने पडद्याकडे तोंड करून हाक मारली. "सृष्टे! आत ये. तेलाची वाटी घेऊन ये."

कासाराच्या घरात आपला चुडा आपण उतरवत नाही. दुसऱ्याच्या हाताने भरायचा, दुसऱ्याच्याच हाताने उतरवायचा. सृष्टी वाटी घेऊन दारात उभी राहिली. अक्काने डावा हात पुढे केला.

"फक्त डावा. उजव्याला बोट लावू नको. आणि आधी हळदीचा दोरा बांध. हात रिकामा राह्यला न्हाय पायजे."

सृष्टीने दोरा बांधला. तेल लावलं. एकेक बांगडी काढू लागली. अक्का तिच्या बोटांकडे मांजरासारखी बघत होती. चूक सापडावी असं तिला वाटत होतं, आणि सापडू नये असंही.

शेवटून दुसरी अडली.

"जोर लावू नको."

"न्हाय लावत."

"लावायलीस. मला कळतंय न्हाय व्हय?"

कट्.

काचेचे तुकडे अक्काच्या मांडीवर पडले होते.

अक्काने मान वळवली आणि मोठ्याने ओरडली, "अहो! बरं हाय न्हवं?"

"आं?" अण्णा बाहेरून म्हणाला. "मला काय झालंय?"

"काय न्हाय. चहा घ्या."

ती पुन्हा सृष्टीकडे वळली. आम्हाला वाटलं, आता फुटणार. तिने मांडीवरचे तुकडे गोळा केले आणि सृष्टीच्या तळहातावर ठेवले.

"अंगठा आत दाबायचा असतो ग," ती म्हणाली. "किती दिवस सांगू म्हणत होते."

"मग सांगितलं का न्हाय?"

"का सांगू?"

सृष्टीने तुकडे कागदात बांधले. शेवटची बांगडी अंगठा आत दाबून निघाली. अक्काने चष्मा लावला आणि डावा हात एकटाच दिव्यासमोर धरला. उजवा पदराखाली.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी तिचे दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून बघितले. डावं मनगट बरंच निवळलं होतं. उजवं तसंच. ते म्हणाले, घर्षण नको असं मी सांगितलं होतं ते याच्यासाठी. काचेने कातडी घासली की तिथे चट्टा वाढतो. दिव्यापेक्षा घर्षण थांबल्याचा गुण जास्त असेल, मलम आता नीट लागतंय त्याचाही असेल. थंडीत पुन्हा उठेल, तयारी ठेवा. अक्काने मान हलवली. तिला रोगाशी झगडायचं नव्हतं. तो तिला सवयीचा झाला आहे.

आता लग्नाचा चुडा असला की गादीवर अक्का बसते, एरवी सृष्टी. सृष्टीच्या हातून वाढतात अजून, पण कमी. वाढली की आतून खोकला येत नाही. आतून आवाज येतो, "अंगठा!" सृष्टी गिऱ्हाइकासमोर दात ओठ खाते.

परवा मी अक्काला विचारलं, उजवा कधी उतरवणार. पावसाळा आला. डॉक्टरही विचारत होते. एवढा फरक डोळ्यांनी दिसतो आहे.

ती दिव्यासमोर होती. बाहेर सृष्टी कुणाशी तरी हसत होती.

"उतरवीन की," ती म्हणाली. "पण उजवा पण बरा झाला की तिचं सगळंच खरं झालं. अजून थोडे दिवस निम्मं माझं राहू दे."